सरांची फुलगोबी आणि माझं नाक

एका माणसाला पुन्हा कधी वास येऊ नये, अशी प्रार्थना मी केली आहे. एकदा नाही, जवळजवळ दोन वर्षं. बडनेऱ्याच्या फलाटावर केली, ऑफिसात फाईल उघडता उघडता केली, आंघोळीच्या वेळी केली. तो माणूस माझ्याशी कधीच वाईट वागला नव्हता. उलट एक अख्खा हिवाळा त्यानं मला स्वतःच्या हातानं रांधून जेवू घातलं होतं. हे आधी लिहून टाकतो, नाहीतर त्याच्याबद्दल दुसरं काही लिहिताना पेन अडखळत राहील.

त्यांना सगळी गल्ली सर म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. अकोल्याच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर पी.टी. शिकवली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गळ्यातली शिट्टी उतरली नव्हती. माझी बदली अकोल्याला झाली, बायको-मुलगी अमरावतीतच राहिल्या आणि मी सोमवारी सकाळी जायचं, शुक्रवारी संध्याकाळी परतायचं असं ठरवून सरांच्या घराची समोरची खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच संध्याकाळी मी खानावळ शोधायला निघालो, तर मागून शिट्टी वाजली. एकच, आखूड.

"कुठी चालले?"

"जेवायला."

"अथी काय मेले का लोक? हातपाय धू अन् ये."

त्या दिवसापासून आखूड शिट्टी म्हणजे ताट वाढलं आणि लांब शिट्टी म्हणजे कढई गॅसवरून उतरली, एवढं मी शिकलो. शेजारच्या घरांतही ते सगळ्यांना पाठ होतं. सरांची लांब शिट्टी झाली की समोरच्या वहिनी आपल्या पोरांना म्हणायच्या, "चला, सरायची गोबी झाली, आपलंबी होऊ द्या."

गोबी म्हणजे फुलगोबी. हिवाळ्यात सरांच्या घरी दुसरी भाजी शिजत नसे. कुणी पुण्याहून आलेल्या पाहुण्यानं तिला फ्लॉवर म्हटलं, तर सर त्याच्याकडे जरा वेळ बघत आणि विचारत, "गजऱ्यात घालतेत का तुमच्याकडं?" सरांचा जन्म भाजीवाल्यांच्या घरातला. तेल्हाऱ्याच्या बाजूला वडिलांचा मळा होता. गोबीचा गड्डा पांढरा राहावा म्हणून तिचीच पानं तिच्यावर ओढून सुतळीनं बांधायची, हे लहानपणी त्यांचं रोजचं काम. ते सांगायचे, "माह्या बापानं गोबीले कधी ऊन लागू देल्लं नाही. आमाले लागू देल्लं."

गोबी चिरायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. सुरी फक्त देठाला. गड्डा उलटा धरायचा, देठाच्या बाजूनं बोट घालून एकेक तुरा मोडायचा. "फूल तोडतेत. कापतेत ते लाकूड." मग मीठ-हळदीच्या कोमट पाण्यात तुरे पडायचे आणि सर शाळेतलं स्टॉपवॉच लावायचे. बारा मिनिटं. अळी निघाली की ती चिमटीत धरून ते शांतपणे म्हणायचे, "औट." अळीला ते मारत नसत. मागच्या अंगणात शेवग्याखाली नेऊन सोडत.

तुरे म्हणजे खेळणारे अकरा, देठ म्हणजे राखीव खेळाडू आणि पानं म्हणजे मैदान झाडणारे. सगळ्यांना संधी मिळालीच पाहिजे. त्यासाठी भिंतीवर खडूनं वेळापत्रक लिहिलेलं होतं. सोमवारी कोरडी: लोखंडी कढईत तेल, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, वर तुरे आणि झाकण मुळीच नाही. झाकलं की गोबी घामेजते, तिला परतलं पाहिजे, तांबूस डाग पडले पाहिजेत. मंगळवारी बेसन पेरलेली, वरून तेलाची धार सोडून खरपूस. बुधवारी रस्सा, आलू आणि वाटाणे घातलेला, तर्रीचा. गुरुवारी राखीव खेळाडू: देठ सोलून, काड्यांसारखे करून तुरीच्या वरणात सोडायचे आणि कोवळी पानं बारीक चिरून ज्वारीच्या कण्यांत. शुक्रवारी सकाळी, मी बॅग भरत असताना, पराठे. गोबी किसायची, मीठ लावायचं आणि धोतराच्या फडक्यात घालून अशी पिळायची की सरांच्या दंडावरच्या शिरा उभ्या राहत. "पाणी ठेवलं तं पराठा फाटते. पोट्टे अन् गोबी, दोघायचं पाणी काढा लागते." तो डबा मी गाडीत उघडायचो.

पराठे चांगले असायचे. गुरुवारचं वरणही. उरलेल्या तीन दिवसांच्या भाजीत मसाला पडायचा; त्या तीन दिवसांबद्दल मला बोलायचं आहे.

सरांचं लग्न झालेलं नव्हतं. त्यांची मोठी बहीण, आक्का, लवकर विधवा होऊन भावाकडे आली होती आणि दोघांनी मिळून ते घर चालवलं होतं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघांनाही एकाच आठवड्यात दवाखान्यात नेलं. सर परत आले, आक्का आल्या नाहीत. आणि सर परत आले ते वास हरवून. मी राहायला गेलो तेव्हा त्या गोष्टीला काही महिने झाले होते. चव जिभेला आंबट-खारट-तिखट एवढीच कळायची. दूध उतू गेलं तरी त्यांना ते डोळ्यांनी दिसल्यावरच समजायचं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला स्टीलचा एक मोठा डबा दाखवला. झाकणावर चिकटपट्टीखाली एक चिठ्ठी होती, बाईच्या वळणदार अक्षरात: "मसाला. जपून."

"आक्काचा हाय," सर म्हणाले. "बस, आता हाच." आणि मग ताट माझ्यापुढे सरकवून ते माझ्या तोंडाकडे बघत बसले. "मले तं काही समजत नाही. आता माहं नाक तू. सांग."

मी घास घेतला. मसाला खवट होता. थोडासा नाही. खोबरं जुनं होऊन त्याला जो तेलकट, साबणासारखा कडवटपणा येतो तो घशापर्यंत उतरला.

"कशी झाली?"

"मस्त झाली, सर."

"मीठ?"

"बरोबर आहे."

"मसाल्याचा वास येते का?"

"येतो ना."

एवढं एक मात्र खरं बोललो होतो.

आता माझी बाजू सांगतो, तिचं वजन जे असेल ते असो. माझे वडील अमरावतीत भिक्षुकी करायचे. श्राद्ध, सत्यनारायण, वास्तुशांत, रोज कुणाच्या तरी घरी पान वाढलेलं. यजमानीण दारात उभी राहून विचारायची, कसं झालं गुरुजी, आणि वडील म्हणायचे, "उत्तम." भात कच्चा असो, कढी फुटलेली असो, उत्तम. घरी येऊन ओवा खायचे, पण यजमानाच्या अन्नाला नाव ठेवलेलं मी कधी ऐकलं नाही. आम्हा भावंडांना तेच वळण लागलं. दुसऱ्याच्या घरच्या जेवणावर खरं बोलायला लागणारा अवयवच आमच्यात वाढला नाही. आणि इथे तर डब्यावर मेलेल्या बाईचं अक्षर होतं.

म्हणून मी मस्त म्हणत गेलो. जेवायचो मात्र दीड भाकरी. ॲसिडिटीचं कारण सांगितलं होतं. गुरुवारी वरणात तो मसाला नसायचा, तेव्हा सहज तीन गेल्या असत्या. पण गुरुवारी तीन खाल्ल्या तर बाकीचे दिवस उघडे पडले असते. तेव्हाही दीडच. सर भाकरी मोजायचे. "अमरावतीकरायची भूक दीडच्या वर जात नाही," असं ते शेजाऱ्यांना माझ्यासमोर सांगायचे. मी हसायचो आणि शुक्रवारी घरी जाऊन बायकोनं केलेला साधा वरणभात असा जेवायचो की ती विचारायची, "तिकडे उपाशी ठेवतात का हो?"

खोटं एकदा बोललं की ते पाळावं लागतं, जनावरासारखं. रोज त्याला चारा घालावा लागतो. माझ्या 'मस्त'चा चारा खाऊन सरांचा आत्मविश्वास असा वाढला की माघ महिन्यात ते हनुमान मंदिराच्या बैठकीत उभे राहिले. गल्लीच्या या मंदिराचा दरवर्षी भंडारा व्हायचा आणि त्यात दरवर्षी वांग्याची भाजी व्हायची. सर म्हणाले, यंदा गोबीचा रस्सा. मी करतो.

अध्यक्ष किराणा दुकानवाले काका होते. ते म्हणाले, "सर, भंडाऱ्याले वांगं सोडून गोबी? लोकं काय मनतीन?"

"लोकं वांगे खाऊ खाऊ वांग्यासारखे झाले," सर म्हणाले. "आक्काचा मसाला टाकतो. सारा डबा. तिच्या नावानं होऊन जाऊ द्या. चवीची ग्यारंटी हा देते." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

बैठकीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हीच ती वेळ होती. सर, जरा बाहेर येता का, एवढंच म्हणायचं होतं. मी मान डोलावली.

भंडाऱ्याच्या दिवशी मी रजा टाकली होती. दुपारी सर मंदिरात बायकांना गोबी तोडायला शिकवत होते. शिट्टीचा आवाज खोलीपर्यंत येत होता. मला त्यांनी डबा घेऊन यायला सांगितलं होतं. मी डबा उघडला, वास घेतला आणि दोन-अडीचशे माणसं पंगतीत बसून पहिला घास घेताहेत असं चित्र डोळ्यांपुढे आलं. कुणीतरी ताट बाजूला सारेल. कुणीतरी म्हणेल, आक्काचा मसाला मन्ते हा. आणि सर कढईपाशी उभे असतील, काहीच कळत नसलेले.

मी पिशवी घेतली आणि बाजारात मसाल्याच्या चक्कीवर गेलो. गल्ल्यावर बसलेल्या बाईनं विचारलं, "घरच्याले पाहिजे का भंडाऱ्याले?"

"भंडाऱ्याला."

"मंग सोप टाकलेला देऊ? लोकायले आवडते." सोप म्हणजे बडीशेप.

"कोणताही द्या," मी म्हणालो.

परत येऊन मी डबा मागच्या अंगणात नेला आणि नालीत रिकामा केला. नालीला पाणी कमी होतं. मसाला लगेच वाहून गेला नाही. तपकिरी गाळासारखा थांबला, वर तेलाचे डोळे आले. मी दोन बादल्या पाणी ओतलं. मग डबा पुसला, नवा मसाला भरला आणि झाकण लावलं. चिठ्ठी होती तिथेच होती. "जपून."

रस्सा फार चांगला झाला. हे मी आता कुणाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. लोकांनी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मागून घेतला. पंगत उठल्यावर शेजारच्या म्हाताऱ्या मावशी पदरानं डोळे पुसत सरांपाशी आल्या. "आक्काच्या हातची चव आली रे बावा," त्या म्हणाल्या. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा हात खेळाडूचा, जड. "माह्या नाकानं आंदीच सांगतलं होतं," ते म्हणाले.

त्या हाताचं वजन मी अमरावतीला घेऊन आलो.

डब्यात ओंजळभर मसाला उरला होता. तो सरांनी देवाच्या कपाटात ठेवून दिला. "आता हा वापराचा नाही. राहू दे." म्हणजे चक्कीवरचा बडीशेप घातलेला मसाला देवांच्या शेजारी जाऊन बसला आणि ते मला एकट्याला माहीत होतं. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत सर लसूण-मिरचीचीच गोबी करत होते, ती चांगली लागायची, आणि तरी माझ्या घशाखाली दीड भाकरीच जायची. पुढे उन्हाळ्यात माझी बदली परत अमरावतीला झाली. निरोपाच्या दिवशी सरांनी मला त्यांचं जुनं स्टॉपवॉच दिलं. मी ते कपाटात कपड्यांखाली ठेवलं.

मग फोन सुरू झाले. सर महिन्यातून एकदा तरी फोन करायचे आणि खेळाचा निकाल सांगावा तसा नाकाचा निकाल सांगायचे. कुणा डॉक्टरनं त्यांना रोज सकाळी लवंग, लिंबू, कापूर अशा चार वस्तू हुंगायला सांगितल्या होत्या. सर ते कवायतीसारखं करायचे.

"आज कापूर समजला बरं का. नाकात झिनझिन्या आल्या."

"वा सर."

"लिंबू अजून औट हाय."

मी फोन ठेवायचो आणि देवाला म्हणायचो, कापूर दिलास तेवढा पुरे. सर म्हातारे होत चाललेत, एकटे आहेत, त्यांच्या सुखातली एक गोष्ट परत येते आहे, आणि मी ती अडवायला देवाकडे वशिला लावतो आहे. हे मला समजत होतं. समजत असून करत होतो. त्यांचं नाक आलं की ते पहिला कोणता डबा उघडतील, याबद्दल मला शंका नव्हती.

गेल्या हिवाळ्यात, संक्रांतीच्या आसपास, फोन आला. या वेळी आवाज सपाट होता.

"नाक आलं."

"फार छान झालं, सर."

"हं. शुक्रवारी येतो अमरावतीले. डबा घेऊन येतो."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "नालीत? दुसरी जागा नाही सापडली?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "ते बसायच्या आधी सांगून टाका. बसले की तुम्ही पाणी आणायला जाल, मग चहा, मग जेवण, आणि जेवल्यावर उत्तम म्हणून मोकळे व्हाल. मी ओळखते तुम्हाला."

शुक्रवारी मी रजा टाकली. अकराच्या सुमारास फाटकापाशी आखूड शिट्टी वाजली. सर थकले होते, पण ताठ होते. एका हातात पिशवी, तीतून गोबीची पानं बाहेर आलेली. दुसऱ्या काखेत तो डबा.

मी फाटक उघडायच्या आधीच बोलायला लागलो. "सर, या डब्यातला मसाला आक्कांचा नाही. भंडाऱ्याच्या दिवशी मी बदलला. आक्कांचा नालीत टाकला. तो खवट होता. पहिल्या दिवसापासून खवट होता, आणि मी तुम्हाला रोज मस्त म्हणत होतो."

सर फाटकाच्या पलीकडे उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे दारात आलेल्या माझ्या बायकोकडे पाहिलं.

"सूनबाई," ते तिला म्हणाले, "हा मले आत घेते का अथीच टाकते नालीत?"

आत आल्यावर त्यांनी डबा मांडीवर घेतला, झाकण काढलं आणि माझ्यापुढे धरला. "हुंग."

मी हुंगलं.

"काय येते?"

"बडीशेप."

"सोप," सर म्हणाले. "मलेबी पहिली सोपच आली. तीन दिवस बसलो इचार करत. आक्कानं सामानात सोप आणलीच नव्हती. मंग डब्यात आली कुठून? घरात तं दोनच माणसं. एकाचं नाक बंद, अन् दुसरा मस्त-मस्त करून राहिला."

"सर, मला माफ करा. त्यांची शेवटची वस्तू होती ती."

"थांब," ते म्हणाले. "आता माहं ऐक."

त्यांनी झाकण लावलं, चिठ्ठीवरून अंगठा फिरवला.

"आक्कानं पाडव्याले सामान आणलं. धने, खोबरं, दगडफूल, सारं. उन्हात घालीन, कांडीन मने. अन् पडली आजारी. सामान तसंच पोत्यात. मी दवाखान्यातून आलो, पोत्याकडं पाहिलं नाही. श्रावणात सोडलं. पावसाळ्यात कोणी मसाला करते का? तूच सांग. पण मले पाहिजे होता. खोबरं रंग पाहू पाहू भाजलं, वास तं येतच नव्हता. मिक्सरमधून काढलं अन् तिच्या डब्यात भरलं. चिठ्ठी आंदीचीच."

"म्हणजे तो मसाला..."

"सामान तिचं. हात माहा."

"मग आक्कांचा आहे असं का सांगितलं?"

"माहा मनलं असतं तं तू दया केली असती. मनलं, आक्काचा सांगू. परका माणूस हाय, त्यानं मस्त मनलं तं समजू जमलं." सर हसले, पण तोंडभर नाही. "तू आक्काचं नाव ऐकून मस्त मनत होता, अन् मी तुह्यं मस्त ऐकून आक्का भेटली समजत होतो. साऱ्या गल्लीले खोटं सांगतलं. मले बी भेव होतं ना. मनलं, याचं नाक चांगलं हाय, एक दिवस हा मनन, सर, हा बाईच्या हातचा मसाला नाही."

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला होता. बायको ऐकत होती.

"लय खवट होता का?" सरांनी विचारलं.

माझ्या तोंडाशी 'तेवढा नाही' आलं होतं. ते मी गिळलं. "पहिल्या दिवशी तुम्ही पाण्याला उठलात तेव्हा मी अर्धी भाकरी नुसत्या मिठाशी खाल्ली."

"असं," सर म्हणाले. "अन् भंडाऱ्यात गेला असता तं?"

"ताटं तशीच राहिली असती."

"मंजे तू आक्काचं नाव वाचवलं."

इथे मला हो म्हणता आलं असतं. दोन वर्षं मी स्वतःशी तेच म्हणत आलो होतो. "नाही सर. तोंडानं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून हातानं केलं."

सरांनी मान हलवली. "तेबी खरं हाय," ते म्हणाले, आणि उठले. "चाल. परात दे. कोमट पाणी दे. अन् माहं घड्याळ हाय का विकलं?"

मी कपड्यांखालून स्टॉपवॉच काढून आणलं. तोवर सरांनी पिशवीतून दोन गड्डे काढले होते आणि माझ्या बायकोला देठाच्या बाजूनं बोट कसं घालायचं ते दाखवत होते. खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढली. नाक आल्यावर मूठभर मसाला नव्यानं केला होता, नवं खोबरं आणून, हुंगून-हुंगून भाजून. कढईत तेल तापलं, मसाला पडला, आणि सर वाकून त्या वाफेत तोंड धरून उभे राहिले. बराच वेळ. बायकोनं गॅस बारीक करायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

मग लांब शिट्टी. शेजारचे देशपांडे गॅलरीत आले आणि काय झालं म्हणून बघू लागले.

ताट वाढल्यावर सर जेवायला बसले नाहीत. माझ्यासमोर पाट ओढून, पहिल्या दिवशी बसले होते तसेच बसले. "आता सांग. अन् तुह्या बापासारखं उत्तम नको."

वडिलांचं मी त्यांना कधी सांगितलं होतं, मला आठवेना. मी घास घेतला. खवट नव्हता. खोबऱ्याची गोडी होती, मागून धने येत होते. मी सावकाश चावला. माझी बायको दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिनंही या प्रश्नाचं खरं उत्तर कधी ऐकलेलं नव्हतं.

"मीठ कमी आहे," मी म्हणालो. "आणि लवंग जरा पुढे पुढे करते."

खोलीत काहीही कोसळलं नाही. सरांनी बोटानं रस्सा चाखला, डोळे मिटले. "लवंग जास्तच पडली," ते म्हणाले. "रोज हुंगतो ना तिले, माया बसली." त्यांनी मीठ घातलं, ढवळलं, पुन्हा वाढलं. "आता?"

"आता बरी आहे."

"आक्कासारखी?"

"आक्कांची मी कधी खाल्लीच नाही, सर."

"हं," ते म्हणाले. "तिची याच्याहून चांगली होये. लय चांगली." आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा इतका निवांत होता, की मला त्या सगळ्या 'मस्त'ची लाज नव्यानं वाटली आणि तितक्यातच गेलीही. मग त्यांनी स्वतःचं ताट ओढलं.

जेवताना ते वरूडच्या संत्र्यांबद्दल, गुडघ्याबद्दल, मंदिरात पुन्हा वांग्यावर आलेल्या भंडाऱ्याबद्दल बोलत राहिले. मी ऐकत होतो आणि खात होतो. बायकोनं तव्यावरून उतरवलेली भाकरी कुणाला वाढू म्हणून विचारलं, तेव्हा मी न बोलता ताट पुढे केलं.

सर बोलता बोलता थांबले. त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं.

"तिसरी हाय," ते माझ्या बायकोला म्हणाले. "वाढा. अर्धी नका वाढू, सारी वाढा."